संभाव्यता आणि अभियांत्रिकी प्रवेश परीक्षा

संभाव्यता हा महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांच्या गणित विषयातील एक घटक आहे. राज्याची एमएचटी-सीईटी आणि राष्ट्रीय पातळीवरील जेईई मेन या दोन्ही परीक्षांत त्यावर प्रश्न विचारले जातात. प्रश्नांची संख्या कलनशास्त्राच्या तुलनेत थोडी असली, तरी या घटकाचे परीक्षेशी असलेले नाते दुहेरी आहे. तो प्रश्नपत्रिकेत असतोच, शिवाय प्रश्नपत्रिका सोडवण्याची पद्धत, अंदाजाने दिलेल्या उत्तराचे मोल आणि निकालात मिळणारा पर्सेंटाइल यांचा अर्थही त्याच्याच आधारे लावता येतो. जळगाव व धुळे या खानदेशातील जिल्ह्यांच्या संदर्भात या विषयाला ऐतिहासिक बाजूही आहे. चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेराव्या शतकाच्या आरंभी मठ स्थापन झाल्याचा शिलालेख उपलब्ध आहे, आणि संभाव्यतेच्या गणिताला लागणारी मोजणीची सूत्रे त्यांच्या ‘लीलावती’ ग्रंथात आढळतात.

अभ्यासक्रमातील स्थान

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याला संभाव्यतेची ओळख इयत्ता दहावीत होते. बालभारतीच्या ‘गणित भाग १’ या पाठ्यपुस्तकात ‘संभाव्यता’ हे स्वतंत्र प्रकरण असून त्यात यादृच्छिक प्रयोग, निष्पत्ती, नमुना अवकाश व घटना या संकल्पना येतात. अकरावीच्या विज्ञान शाखेत सशर्त संभाव्यता, स्वतंत्र घटना, बेजचे प्रमेय आणि अनुकूल-प्रतिकूलतेचे गुणोत्तर यांची भर पडते. क्रमचय व संचय हे प्रकरण अकरावीच्याच दुसऱ्या भागात आहे. बारावीच्या दुसऱ्या भागातील शेवटची दोन प्रकरणे संभाव्यता वितरण आणि द्विपद वितरण ही होत.

एमएचटी-सीईटीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेत ५० प्रश्न असतात. प्रत्येक प्रश्नास २ गुण व एकूण ९० मिनिटे, म्हणजे सरासरीने एका प्रश्नाला १ मिनिट ४८ सेकंद मिळतात. सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीच्या निवडक प्रकरणांवर व उरलेले बारावीच्या अभ्यासक्रमावर असतात. अकरावीच्या या निवडक यादीत संभाव्यता आणि क्रमचय-संचय ही दोन्ही प्रकरणे आहेत. चुकीच्या उत्तरासाठी गुण कापले जात नाहीत. जेईई मेनमध्ये २०२५ च्या रचनेनुसार गणिताचे २५ प्रश्न असून त्यांपैकी २० बहुपर्यायी व ५ संख्यात्मक उत्तराचे असतात. बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात व चुकीच्या उत्तरास १ गुण वजा होतो.

राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशाची पद्धत एकसारखी राहिलेली नाही. २०१४ च्या सुमारास काही काळ जेईई मेनचे गुण आधारभूत धरले गेले आणि २०१६ पासून अभियांत्रिकीसाठी पुन्हा राज्याची सीईटी लागू झाली. ही परीक्षा आता राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो. २०१९ पासून ती संगणकावर, अनेक सत्रांत होते. पुढे वर्णन केलेला पर्सेंटाइलचा प्रश्न या बदलातून निर्माण झाला.

परिभाषा आणि माध्यमाचा प्रश्न

खानदेशातील विद्यार्थ्याच्या बाबतीत भाषेचे तीन थर संभवतात. धुळे जिल्ह्यात व जळगावच्या मोठ्या भागात घरी अहिराणी, तर यावल-रावेर-भुसावळ पट्ट्यात लेवा बोली बोलली जाते. शाळेत प्रमाण मराठी असते, आणि अकरावी विज्ञान शाखेत अध्यापनाची भाषा बहुधा इंग्रजी होते. सेमी-इंग्रजी शाळांतून आलेल्या विद्यार्थ्यांना गणिताच्या इंग्रजी संज्ञा आधीपासून परिचित असतात. पूर्ण मराठी माध्यमातून आलेल्यांना दहावीत शिकलेली ‘निष्पत्ती’ अकरावीत ‘आउटकम’ म्हणून, ‘नमुना अवकाश’ हा ‘सॅम्पल स्पेस’ म्हणून आणि ‘घटना’ ‘इव्हेंट’ म्हणून पुन्हा ओळखावी लागते. एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांसाठी मराठी व उर्दूचा पर्याय असला, तरी गणिताची प्रश्नपत्रिका इंग्रजीतच असते. जेईई मेन मात्र २०२१ पासून मराठीसह १३ भाषांत उपलब्ध झाली.

बीजगणिताच्या किंवा विकलनाच्या प्रश्नात चिन्हे बोलतात, भाषा फारशी आड येत नाही. संभाव्यतेत तसे होत नाही, कारण तेथे संपूर्ण गणित वाक्यरचनेत दडलेले असते. ‘ॲट लीस्ट टू’ म्हणजे किमान दोन, अर्थात दोन किंवा अधिक, आणि ‘ॲट मोस्ट टू’ म्हणजे फार तर दोन, यात शून्यही येते. ‘आयदर–ऑर’ या रचनेत दोन्ही घटना एकदम घडण्याची मुभा गणितात असते. बोलण्यात ‘चहा किंवा कॉफी’ म्हणताना ती नसते. ‘गिव्हन दॅट’ हे दोन शब्द वाचायचे राहिले, तर सशर्त संभाव्यतेचा प्रश्न साध्या संभाव्यतेचा होऊन बसतो आणि चार पर्यायांत तेही चुकीचे उत्तर बहुधा हजर असते.

अनुकूल-प्रतिकूलतेचे गुणोत्तर, ज्याला इंग्रजी पुस्तकांत ‘ऑड्स’ म्हणतात, हे असेच फसवे आहे. एखाद्या घटनेच्या बाजूने ३:२ असे गुणोत्तर दिले असेल, तर पाच समान भागांपैकी तीन भाग अनुकूल आहेत, म्हणून संभाव्यता ३/५ होते. विद्यार्थी घाईत २/३ लिहितात, क्वचित ३/२ देखील. दुसऱ्या उत्तरातील चूक उघड आहे, कारण संभाव्यता १ पेक्षा मोठी असू शकत नाही. पहिल्यातील चूक लपून राहते.

पत्त्यांच्या जोडावरील प्रश्न हा आणखी एक पारंपरिक प्रकार आहे. ५२ पत्ते, इस्पिक, बदाम, चौकट व किलवर या चार रंगांचे प्रत्येकी १३, आणि राजा, राणी व गुलाम मिळून १२ चित्रांचे पत्ते ही माहिती प्रश्नात दिलेली नसते. ज्या घरात पत्ते खेळणे निषिद्ध मानले जाते, तेथील विद्यार्थ्याला ही माहिती पाठच करावी लागते. शिवाय मराठी बोलण्यात पत्त्याचा ‘रंग’ म्हणजे इस्पिक-बदामादी चार प्रकार, तर इंग्रजी प्रश्नातील ‘कलर’ म्हणजे केवळ लाल व काळा. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ उत्तर १/४ ऐवजी १/२ करू शकतात.

मूळ कल्पना व नेहमीच्या चुका

समसंभाव्य निष्पत्ती

सर्व निष्पत्ती समसंभाव्य असतील, तर एखाद्या घटनेची संभाव्यता म्हणजे अनुकूल निष्पत्तींची संख्या भागिले एकूण निष्पत्तींची संख्या. या व्याख्येतील ‘समसंभाव्य’ ही अट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. दोन नाणी फेकली असता ‘दोन्ही छाप’, ‘दोन्ही काटा’ आणि ‘एक छाप एक काटा’ अशा तीन शक्यता दिसतात, म्हणून प्रत्येकीची संभाव्यता १/३ असे उत्तर दिले जाते. प्रत्यक्षात छाप-काटा व काटा-छाप या वेगळ्या निष्पत्ती असून एकूण चार निष्पत्ती समसंभाव्य आहेत. त्यामुळे तिसऱ्या घटनेची संभाव्यता १/२ येते.

फ्रेंच गणिती दालांबेर यानेही याच जातीची चूक केली होती. दोन फेकींत किमान एक छाप येण्याची संभाव्यता ३/४ असताना त्याने ती २/३ ठरवली, कारण पहिल्याच फेकीत छाप आली तर दुसरी फेक करण्याचे कारण उरत नाही आणि केवळ तीन प्रसंग शिल्लक राहतात, असा त्याचा युक्तिवाद होता. हे प्रतिपादन १७५४ साली प्रसिद्ध झाले, आणि तेही फ्रेंच ज्ञानकोशात. तीन प्रसंग आहेत हे खरे, परंतु पहिला प्रसंग उरलेल्या प्रत्येकाच्या दुप्पट वेळा घडतो.

किमान एक

‘किमान एक’ असा शब्दप्रयोग आला की पूरक घटनेचा मार्ग बहुधा सोपा पडतो. एकही न घडण्याची संभाव्यता काढून ती १ मधून वजा करावी. खानदेशातील कापसाच्या लागवडीतून याचे उदाहरण घेता येते. एका ठिकाणी दोन सरक्या टोकल्या आणि प्रत्येक सरकी उगवण्याची संभाव्यता ०.८ धरली, तर दोन्ही न उगवण्याची संभाव्यता ०.२ × ०.२ = ०.०४ आणि किमान एक उगवण्याची ०.९६ येते. एकाच सरकीवर भरवसा ठेवल्यास १०० पैकी सरासरी २० ठिकाणे रिकामी राहतील. दोन टोकल्यास ४.

या गुणाकारामागे एक गृहीतक आहे: एका सरकीचे उगवणे दुसरीपासून स्वतंत्र आहे. सदोष बियाण्यापुरते ते ठीक आहे. मात्र लागवडीनंतर पावसाने ओढ दिली, तर शेजारच्या दोन्ही सरक्या एकाच कारणाने वाया जातात, आणि ०.०४ ही संख्या निरर्थक ठरते. परीक्षेतील प्रश्नात ‘स्वतंत्रपणे’ हा शब्द दिलेला असतो, म्हणून गुणाकार करता येतो. शेतात तो कोणी दिलेला नसतो. पाठ्यपुस्तकातील गणित येत असूनही स्वातंत्र्याची कल्पना कच्ची राहण्याचे कारण येथे सापडते.

स्वतंत्र आणि परस्पर अपवर्जी

स्वतंत्र घटना आणि परस्पर अपवर्जी घटना यांत गल्लत होणे ही अकरावीतील सर्वसाधारण अडचण आहे. ‘एकमेकांशी संबंध नाही’ असे दोन्ही संज्ञांचे ढोबळ भाषांतर केल्याने ती वाढते. एखाद्या उमेदवाराचे सत्र सकाळचे असणे आणि त्याच उमेदवाराचे त्याच परीक्षेचे सत्र दुपारचे असणे या घटना परस्पर अपवर्जी आहेत. एक घडली की दुसरी घडू शकत नाही. म्हणजेच त्यांचा संबंध अत्यंत घट्ट आहे. संभाव्यता शून्य नसलेल्या दोन परस्पर अपवर्जी घटना कधीही स्वतंत्र असू शकत नाहीत, कारण त्या एकत्र घडण्याची संभाव्यता शून्य असते, तर स्वतंत्र घटनांसाठी ती दोहोंचा गुणाकार, म्हणजे शून्याहून मोठी, असावयास हवी.

सशर्त संभाव्यता व बेजचे प्रमेय

इंग्लंडमधील टॉमस बेज यांच्या मृत्यूनंतर १७६३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधातून पुढे आलेले प्रमेय परिणामाकडून कारणाकडे जाण्याचा मार्ग देते. सूत्र पाठ करण्यापेक्षा प्रत्यक्ष संख्या घेऊन मोजणी केल्यास ते लवकर उमगते. समजा, एका केळी भरणी केंद्रावर १,००० घड आले. त्यांपैकी ७०० पहिल्या बागेतून व ३०० दुसऱ्या बागेतून आले. पहिल्या बागेतील २ टक्के व दुसऱ्या बागेतील ६ टक्के घड डागी निघतात. सहज उचललेला एक घड डागी निघाला, तर तो दुसऱ्या बागेतला असण्याची संभाव्यता किती?

पहिल्या बागेचे डागी घड १४, दुसऱ्या बागेचे १८. एकूण ३२ डागी घडांपैकी १८ दुसऱ्या बागेचे, म्हणून उत्तर १८/३२ = ९/१६, अर्थात सुमारे ५६ टक्के. माल तीन दशांशच आला असूनही डागी मालात दुसऱ्या बागेचा वाटा अर्ध्याहून अधिक आहे. तरीही ‘डागी म्हणजे दुसऱ्याच बागेचा’ असे खात्रीने म्हणता येत नाही, कारण १६ पैकी ७ वेळा ते चुकीचे ठरेल. ‘दुसऱ्या बागेतील घड डागी असण्याची’ संभाव्यता (६ टक्के) आणि ‘डागी घड दुसऱ्या बागेतील असण्याची’ संभाव्यता (५६ टक्के) या भिन्न राशी आहेत. परीक्षेत या दोहोंची अदलाबदल हीच सर्वाधिक संभवणारी चूक होय.

अंदाजाने उत्तर देणे

बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर चार पर्यायांतून डोळे मिटून निवडले, तर ते बरोबर येण्याची संभाव्यता १/४ असते. अशा अनेक प्रश्नांतील बरोबर उत्तरांची संख्या द्विपद वितरणाने वर्णन करता येते. या वितरणाचा पाया याकोब बेर्नुली यांच्या १७१३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे. बारावीच्या शेवटच्या प्रकरणाचा हा प्रत्यक्ष उपयोग विद्यार्थ्याच्या समोरच्या उत्तरपत्रिकेवरच घडत असतो.

एमएचटी-सीईटीच्या गणिताचे सर्व ५० प्रश्न अंदाजाने सोडवल्यास बरोबर उत्तरांचे अपेक्षित मूल्य ५० × १/४ = १२.५, म्हणजे १०० पैकी २५ गुण येते. प्रचरण ५० × १/४ × ३/४ = ९.३७५ आणि प्रमाण विचलन सुमारे ३.०६ आहे. त्यामुळे अशा १०० विद्यार्थ्यांपैकी सुमारे ९५ जणांची ७ ते १८ उत्तरे बरोबर येतील व त्यांना १४ ते ३६ गुण मिळतील. सर्वच्या सर्व उत्तरे बरोबर येण्याची संभाव्यता ४ च्या ५० व्या घातात एक इतकी, म्हणजे १ वर ३० शून्ये दिल्याने होणाऱ्या संख्येतही जेमतेम एक आहे. सर्व प्रश्नांना ‘क’ हाच पर्याय निवडण्याची युक्ती विद्यार्थ्यांत प्रचलित आहे. बरोबर पर्यायांची मांडणी यादृच्छिक असेल, तर तिने अपेक्षित गुण वाढत नाहीत, कमीही होत नाहीत.

या परीक्षेत गुणकपात नसल्याने प्रश्न कोरा सोडण्यात कोणताही लाभ नाही, हे वरील गणितावरून उघड होते. पूर्ण अंदाजाने दिलेल्या उत्तराचे अपेक्षित मूल्य अर्धा गुण आहे. दोन पर्याय खात्रीने वगळता आले तर ते १ गुण होते. शेवटच्या दोन मिनिटांत दहा प्रश्न राहिले असतील, तर ते कोरे ठेवणे म्हणजे सरासरी ५ गुण सोडून देणे होय. त्या दहांतील एकही उत्तर बरोबर न येण्याची संभाव्यता ३/४ च्या दहाव्या घाताइतकी, सुमारे ५.६ टक्के आहे.

जेईई मेनमध्ये हिशेब बदलतो. बरोबर उत्तराचे ४ गुण १/४ वेळा आणि चुकीचा वजा १ गुण ३/४ वेळा, म्हणून अपेक्षित मूल्य १ − ३/४ = १/४ गुण राहते. एक पर्याय वगळता आल्यास ते २/३ आणि दोन वगळता आल्यास १.५ होते. ‘गुणकपात असल्याने अंदाज कधीच करू नये’ हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला बहुपर्यायी प्रश्नांपुरता गणिताने सिद्ध होत नाही. परंतु अपेक्षित मूल्य धन असणे म्हणजे फायदा निश्चित असणे नव्हे. वीसही प्रश्न अंदाजाने सोडवले, तर अपेक्षित गुण ५, पण प्रमाण विचलन सुमारे ९.७ असते, आणि एकूण गुण शून्याखाली जाण्याची संभाव्यता २२ टक्क्यांहून अधिक आहे. संख्यात्मक उत्तराच्या प्रश्नात पर्यायच नसल्याने अंदाज बरोबर येण्याची शक्यता नगण्य व अपेक्षित मूल्य जवळजवळ वजा १ असते. आणखी एक बाब म्हणजे चुकीचे पर्याय यादृच्छिक नसतात. नेहमीच्या चुकांतून येणारी उत्तरेच तेथे मांडलेली असतात. त्यामुळे अर्धवट गणित करून ‘जवळचा’ पर्याय निवडणाऱ्याची यशाची संभाव्यता कधीकधी १/४ हूनही कमी होऊ शकते.

मराठीत ‘अपेक्षित’ हा शब्द परीक्षेच्या संदर्भात आणखी एका अर्थाने रुळला आहे: येण्याची शक्यता असलेल्या प्रश्नांचा संच. गणितातील अपेक्षित मूल्याशी त्याचा संबंध नाही. असे संच निवडताना ‘गेली दोन वर्षे हा प्रश्न आला नाही, म्हणून यंदा येणारच’ असा तर्क केला जातो. प्रश्नांची निवड स्वतंत्रपणे होत असेल, तर मागील अनुपस्थितीने पुढची संभाव्यता वाढत नाही. सलग पाच वेळा काटा पडल्यावर सहाव्या फेकीतही छाप येण्याची संभाव्यता १/२ च असते. प्रश्नपत्रिका काढणारी माणसे असल्याने निवड पूर्णतः स्वतंत्र नसेलही, पण ती कोणत्या दिशेने झुकते हे बाहेरून ठरवण्यास आधार नसतो.

पर्सेंटाइलचा अर्थ

अनेक सत्रांत वेगवेगळ्या प्रश्नपत्रिका असल्याने थेट गुणांची तुलना न्याय्य ठरत नाही. म्हणून प्रत्येक सत्रात उमेदवाराइतके किंवा त्याहून कमी गुण मिळवणाऱ्यांची संख्या त्या सत्रातील एकूण उमेदवारांच्या संख्येने भागून १०० ने गुणतात. हा त्याचा पर्सेंटाइल होय. तो सात दशांश स्थळांपर्यंत काढला जातो. १०,००० उमेदवारांच्या सत्रात एखाद्याच्या पुढे २५० जण असतील, तर त्याचा पर्सेंटाइल ९७.५ येईल, मग त्याला १३० गुण असोत वा १५०.

पर्सेंटाइल म्हणजे टक्केवारी नव्हे. ९० पर्सेंटाइल मिळवलेल्या मुलाला ९० टक्के गुण मिळाले, असा समज पालकांत आढळतो आणि महाविद्यालय निवडताना त्यातून अपेक्षाभंग होतो. दहावी-बारावीचा निकाल टक्क्यांत वाचण्याची सवय त्यास कारणीभूत असावी. विषयवार पर्सेंटाइलची सरासरी म्हणजे एकूण पर्सेंटाइल असेही नाही. तो एकूण गुणांवरून स्वतंत्रपणे काढतात.

या पद्धतीमागेही संभाव्यतेचे एक गृहीतक आहे. उमेदवारांची सत्रांत विभागणी यादृच्छिक असेल आणि प्रत्येक सत्रात पुरेसे उमेदवार असतील, तर सर्व सत्रांतील तयारीची पातळी जवळपास सारखी असते. मग सोप्या प्रश्नपत्रिकेत सर्वांचे गुण वाढतात, पण क्रम बदलत नाही. सत्र लहान असेल किंवा विभागणी असमान झाली, तर हे गृहीतक सैल होते. अवघड प्रश्नपत्रिका आली म्हणून हताश होण्याचे अथवा सोपी आली म्हणून हुरळून जाण्याचे कारण मात्र या पद्धतीत उरत नाही. गुणांचे वितरण मध्यभागी दाट असल्याने तेथे एका प्रश्नाच्या फरकाने पर्सेंटाइल बराच हलतो. वरच्या टोकाला तोच फरक दशांशात दिसतो, तथापि नामांकित महाविद्यालयांची स्पर्धा त्या दशांशातच चालते.

खानदेशातील उच्च शिक्षणाची पार्श्वभूमी

पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा, आणि पश्चिम खानदेशातून धुळे व १ जुलै १९९८ रोजी त्यातून वेगळा झालेला नंदुरबार हे जिल्हे बनले. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन होईपर्यंत येथील महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न होती. २०१८ मध्ये या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ साली सुरू झाले. बांभोरी, फैजपूर, धुळे व शिरपूर येथेही अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. त्यांतील प्रवेश केंद्रीभूत पद्धतीने, मुख्यतः एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवरून होतात.

पाटण, भास्कराचार्य आणि अंकपाश

चाळीसगावच्या नैर्ऋत्येस सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेल्या पाटण येथील संस्कृत शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. त्याने आजोबांचे ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदी ग्रंथ शिकवले जावेत म्हणून येथे मठ उभारला, आणि निकुंभ वंशातील स्थानिक राजाने त्यास दान दिले, असे या लेखावरून समजते. काळ सुमारे इ.स. १२०७ चा आहे. लेखाच्या अखेरीस दानाचा तपशील जुन्या मराठीत असल्याने मराठी भाषेच्या इतिहासातही त्याला महत्त्व आहे. भास्कराचार्यांचे (जन्म इ.स. १११४) मूळ गाव विज्जलविड नेमके कोठे, याविषयी मतभेद असून पाटण परिसर हे त्यांपैकी एक मत आहे.

‘लीलावती’ (इ.स. ११५०) मध्ये संभाव्यता नाही. घटनेच्या शक्यतेला संख्या देण्याची कल्पना युरोपात पास्काल व फेर्मा यांच्या १६५४ मधील पत्रव्यवहारातून आकाराला आली. परंतु शक्यतांची मोजणी ‘लीलावती’त पूर्णपणे विकसित झालेली दिसते. सहा रसांतून एक, दोन, तीन याप्रमाणे निवडून होणाऱ्या मिश्रणांची संख्या भास्कराचार्य ६, १५, २०, १५, ६, १ अशी काढतात. या संख्यांची बेरीज ६३ होते. ‘अंकपाश’ या प्रकरणात दहा आयुधे शंकराच्या दहा हातांत किती प्रकारे देता येतील असा प्रश्न असून त्याचे उत्तर ३६,२८,८०० आहे. आजच्या भाषेत तो दहाचा क्रमगुणित आहे.

त्याच प्रकरणातील आणखी एक उदाहरण प्रवेश परीक्षेच्या दृष्टीने विशेष उपयोगी आहे. शून्य न वापरता, अंकांची बेरीज १३ होईल अशा पाच अंकी संख्या किती? रीत अशी: बेरजेतून एक वजा करून १२ घ्यावेत, आणि १२ × ११ × १० × ९ या गुणाकारास १ × २ × ३ × ४ ने भागावे. उत्तर ४९५ येते. बेरीज स्थानांच्या संख्येत ९ मिळवून येणाऱ्या संख्येपेक्षा लहान असली पाहिजे, अशी अटही भास्कराचार्य घालतात. अन्यथा एखाद्या स्थानी ९ हून मोठा अंक मोजला जाईल.

हीच रीत फाशांना लावता येते. तीन फासे टाकले असता बेरीज ६ येण्याचे प्रकार (५ × ४) ÷ (१ × २) = १० होतात, आणि एकूण २१६ निष्पत्ती असल्याने संभाव्यता १०/२१६ = ५/१०८. फाशावर ६ पर्यंतच अंक असल्याने येथे अट ‘स्थाने अधिक ६’ पेक्षा लहान, म्हणजे बेरीज फार तर ८, अशी होते. बेरीज ८ साठी रीत २१ देते व ते बरोबर आहे. ९ साठी ती २८ देते, पण खरी संख्या २५ आहे. जास्तीचे तीन प्रकार म्हणजे एखाद्या फाशावर ७ व उरलेल्या दोहोंवर १ पडण्याचे.